जीप अजून तीन इंच

माझी जीप जुनी, लिलावात घेतलेली. शेताची वाट काळ्या रानातली, चाकोऱ्या गुडघाभर. जीपचं पोट मातीला घासायला लागलं, तेव्हा दौंडच्या मिस्त्रीकडून स्प्रिंगांत एकेक जादा पाटा घालून ती उचलून घेतली. इथवर माझं काही चुकलं नाही.

चुकलं ते पुढे. भांडगावच्या मित्राने त्याची जीप माझ्याहून उंच करून घेतली. धाब्यापुढे दोन्ही शेजारी लागल्या की माझी बसलेल्या म्हशीसारखी दिसे. "अरे, हिला उठव की!" तो म्हणायचा. मी हसायचो आणि घरी येऊन टेपने चाकावरची जागा मोजायचो.

त्याच दिवसांत कवठे येमाईला माझ्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दर मंगळवारी शिरूरच्या डॉक्टरांना डोळा दाखवायचा होता. बायकोची शाळा असायची, म्हणून मी एकटाच ऐटीत जीप घेऊन गेलो. सासूबाईंनी जीपभोवती एक फेरी मारली, पदर सावरला.

"पाव्हणं, तुमी व्हा म्होरं. मी यष्टीनं येते."

पुढच्या मंगळवारीही तेच. यांना माझ्या जीपमध्ये बसायला कमीपणा वाटतो, असं मी ठरवून टाकलं. तिसऱ्या मंगळवारी गेलोच नाही, आणि घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

रविवारी जीप आणखी उंच करून घ्यायला बायकोला घेऊन दौंडला गेलो. मिस्त्रीने चाकांखाली लाकडी ठोकळे घालून जीप उभी केली.

"आजून तीन इंच म्हंजी एवढी दिसंल. वळणाला हिंदकळंल थोडी. बघा, सायेब."

मी चार पावलं मागे जाऊन बघितली. काय दिसत होती! तेवढ्यात बायको माझ्या खांद्यावर रेटा देऊन कशीबशी आत चढली.

"वैनी, शिडी देऊ का?" मिस्त्री हसला.

"मला यांचा खांदा आहे. माझ्या आईनं काय धरायचं? जावयाचा हात?"

आमच्याकडे सासू जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, हात धरणं तर लांबच. आत्ताच्या उंचीवरच त्यांना चढवत नव्हतं, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"आणि मंगळवारी तिनं दोन एसट्या सोडल्या," बायको म्हणाली. "तुम्ही आलात तर दाराला कुलूप दिसायला नको म्हणून."

खरं सांगतो, एवढं ऐकूनही मी मिस्त्रीला विचारलं, "पायरी बसवून उंची वाढवता येईल?"

"यील की. पर पायरी खाली सोडली तर चाकोरीत आडकंल. मग उंच करून मिळवलं काय?"

ठोकळे काढले. आहे त्या उंचीवर मागच्या बाजूला एक पायरी आणि धरायला लोखंडी दांडी बसवून घेतली.

मंगळवारी कवठ्याला पोचलो. सासूबाई दारात येताच मी बॉनेट उघडून आत तोंड घातलं आणि बॅटरीच्या वायरी न्याहाळत बसलो. मागे पायरी वाजली. थांबली. पुन्हा वाजली. मान वर करायची माझी हिंमत नव्हती. मग आतून आवाज आला,

"पाव्हणं, झाकण लावा आता. डॉक्टर जेवाय जातील."