ओल्या अंगाला वारा

मावशी आधी पेशंटच्या नातेवाइकाचं मनगट ओलं करायच्या आणि त्यावर फुंकर मारायच्या. "गार लागलं? मंग झालं. पानी उडलं पायजे, तवा आतली आग जाती." एवढं सांगून त्याच्या हातात सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा द्यायच्या. घाल वारा.

सोलापुरातल्या एका छोट्या दवाखान्यात मी नर्स आणि त्या आया. इथला मे महिना तुम्ही काढला असेल, तर उष्माघात मी सांगायला नको. पाण्याची वाफ होते तेव्हा ती अंगातली उष्णता घेऊन जाते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण लोकांच्या गळी उतरवायला मावशीच लागायच्या.

एकदा मंगळवेढ्याकडच्या म्हाताऱ्याला घरच्यांनी ओल्या चादरीत गळ्यापर्यंत गुंडाळून आणलं. चादर आपली सोलापुरी, जाडजूड. आत वारा शिरेल तर शपथ. मावशी भडकल्या. "उकडायला घातलंय व्हय ह्यास्नी?" चादर ओढून काढली, अंग पुसत राहिल्या, घरच्यांना वारा घालायला लावलं. म्हातारा शुद्धीवर आला आणि पहिलं धोतर मागितलं. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. "लाज आली की न्हवं? मंग जगतंय हे."

पुढं एका दुपारी त्यांच्या मालकांनाच, म्हणजे नवऱ्यालाच, आणलं. स्लॅबच्या कामावर कोसळले होते. अंग कोरडं, तव्यासारखं तापलेलं. त्यात वीज गेलेली. डॉक्टरांनी सलाईन लावलं, आम्ही पाणी मारलं आणि मावशींनी पुठ्ठा घेतला. "उनात जाऊ नगा म्हणलं तर ऐकतंय कुटं," पुटपुटत वारा घालत राहिल्या. हात भरून आले, पण मला पुठ्ठा देईनात.

ताप उतरायला लागला, पण नाडीही बसत चालली. डॉक्टरांनी मावशींना बाजूला करून बराच वेळ छाती दाबली. मग डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. खरं सांगते, तिथून पळून जावंसं वाटलं मला.

डॉक्टर सरकले तशा मावशी पुन्हा पुढं झाल्या. कपडा भिजवला, अंग पुसलं, पुठ्ठा हलवायला लागल्या. आम्ही दोघं नुसते उभे. थोड्या वेळानं त्यांनी मालकांच्या कपाळाला हात लावला, मग पोटाला.

"सिस्टर, हात लावून बघा की. लई गार लागतंय. उतरला ताप."

मी हात लावला. "हो मावशी, उतरला," म्हणाले. आणि त्यांच्या हातातला पुठ्ठा हळूच काढून घेतला.