मुखरू ढिवराने काठी सोडली

१९५५ च्या उन्हाळ्यात मी मलेरियाच्या फवारणीच्या कामावर होतो. पाठीवर पंप, सोबत चार माणसं आणि एकामागून एक गाव. आम्ही पोचायच्या आधी दवंडी जायची, लोक सामान अंगणात काढून ठेवायचे आणि आम्ही भिंतींवर औषध मारायचो. त्यामुळे चांदा जिल्ह्यातल्या शेकडो घरांचे कोपरे माझ्या नजरेखालून गेले आहेत. सामान हललं की मागून काय निघणार ते मला पाठ झालं होतं. उंदरांची बिळं, सडकी पोती, विंचू, कधी सापाची कात.

गडचिरोलीपासून नऊ मैलांवरच्या आंबेबोडीत यातलं काहीच निघालं नाही. सरपण भिंतीला टेकून ठेवलेलं नव्हतं, घरापासून दहा हातांवर कमरेइतक्या उंच मांडवावर रचलेलं होतं. भिंतींच्या बुडाशी जिथे कधीकाळी बिळं होती तिथे खापरांचे तुकडे ठोकून वरून लिंपलं होतं. बंद दाराखालून करंगळीही जात नव्हती. कोंबड्यांची खुराडी परसाच्या पार टोकाला. आणि अगदी गरिबाच्या घरातसुद्धा जवळपास माणसागणिक खाट होती.

"हे सगळं कोणी शिकवलं?" मी एका बाईला विचारलं.

"शिकवन कोन जी? मुखरूभाऊ डोकं खाते ना!" ती हसून म्हणाली. "पावसाळ्याआंधी घरोघरी फिरते. फट दिसली का तिथीच बसते. बुजवल्याबिगर उठतच नाई."

संध्याकाळी मी त्याला भेटायला गेलो. मुखरू जातीचा ढिवर, गावतळ्यात मासे धरायचा आणि दीड एकर धान करायचा. वय पन्नाशीच्या आसपास, ठेंगणा, बोलायला सावकाश. त्याची बायको रुखमाबाई अंगणात दोर वळत बसली होती. आम्ही तीन दिवस त्या गावात होतो. तेवढ्या वेळात त्याची हकिकत थोडी त्याच्याकडून, थोडी रुखमाबाईकडून आणि बाकीची गावाकडून कळली.

पंधराव्या वर्षापासून मुखरू साप मारत होता. कुणाच्या घरात साप निघाला की त्याला हाक यायची. त्याच्याकडे शिवळीच्या लाकडाची जड काठी होती आणि पहिला घाव चुकत नाही अशी त्याची ख्याती होती. नाग असो, धामण असो, घरात दिसला तो मेला. गाव त्याला मान द्यायचं, आणि त्यालाही तो आवडायचा.

१९४८ च्या भाद्रपदात त्याच्या स्वतःच्याच घरात साप निघाला. रुखमाबाई पाण्याच्या मडक्यांपाशी वाकली होती. मडक्यांच्या खालून काहीतरी सळसळत बाहेर आलं. ती ओरडली. मुखरूने काठी उचलली आणि मारली. साप वळला, रुखमाबाईने पाय मागे घेतला आणि काठी तिच्या नडगीवर बसली. हाड मोडल्याचा आवाज त्याने ऐकला. साप भिंतीच्या कडेने निघून गेला. जाताना दोघांनीही त्याला नीट पाहिलं. दिवड होती. पाण्यातली, बिनविषारी.

शेजारच्या गावातून हाड बसवणारा आला. त्याने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि तीन महिने पाय टेकायचा नाही असं सांगितलं. पहिले चार-पाच दिवस रुखमाबाई दुखण्याने बेजार होती. दुखणं जरा उतरलं तेव्हा एका दुपारी ती म्हणाली, "एक विचारू काय?"

"विचार."

"तुमी रोज तळ्यावर जाता. जाळ्यात दिवड येते. तिले हातानं काढून फेकता ना?"

"हो."

"कधी मारली काय?"

"नाई. ते काय करते? मासे खाते आन् जाते."

"मग तेच घरात आली त काऊन मारता?"

 त्या प्रश्नाबद्दल त्यानेच मला सांगितलं. "साहेब, तीस वर्सं साप मारले," तो म्हणाला. "तो काय करून राह्यला, कोठी चालला, हे एक डाव बी पाह्यलं नाई. घरात हाय म्हनून मारायचा, बस."

त्या तीन महिन्यांत घरकाम त्याच्यावर आलं. झाडणं, सारवणं, पाणी भरणं, रांधणं. पुरुषमाणूस म्हणून जे कधी पाहिलं नव्हतं ते आता रोज वाकून पाहावं लागलं. मडक्यांखाली पाणी झिरपून चिखल झाला होता आणि त्या चिखलात बेडक्या बसायच्या. दिवड त्यांच्यामागे आली होती. चुलीमागच्या भिंतीत उंदरांनी मुठीएवढं रुंद बीळ केलं होतं. धानाच्या कोठीखाली सांडलेले दाणे, त्यावर उंदीर. बाहेर भिंतीला लागून वर्षाचं सरपण आणि धानाचं तणस. सापाला पाहिजे ते सगळं आपणच घरात मांडून ठेवलं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं.

त्याने मडक्यांखाली दगड लावून पाणी बाहेर जाईल अशी वाट केली. बिळं खापरांनी ठोकली. सरपण लांब नेलं. रुखमाबाई खाटेवरून सांगायची, तो करायचा. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या घरात एकही साप शिरला नाही. रुखमाबाईचा पाय मात्र वाकडाच जुळला. ती लंगडत चालायला लागली. काठी मुखरूने त्याच वर्षी बैलाच्या खुंट्यासाठी तोडून टाकली.

हाका मात्र यायच्या थांबल्या नाहीत. साप निघाला की लोक त्यालाच बोलवायचे. मग त्याने एक मडकं वापरायला सुरुवात केली. तळ्याकाठी आडव्या पडलेल्या मासे धरायच्या टोपलीत सकाळी कधीकधी दिवड वेटोळं घालून बसलेली असायची. सापाला भीती वाटली की तो अंधारी, अरुंद जागा शोधतो, हे ढिवराच्या पोराला माहीत होतंच. साप ज्या कोपऱ्यात असेल तिथे मुखरू अरुंद तोंडाचं मडकं आडवं ठेवायचा, बाकीच्या वाटा पाट आणि पोत्यांनी बंद करायचा आणि घरातल्या सगळ्यांना बाहेर काढून लांब बसून राहायचा. साप मडक्यात शिरला की लांब बांबूच्या टोकाने तोंडावर जाड फडकं ढकलायचं, मडकं उभं करायचं, बांधायचं आणि तळ्यापलीकडच्या रानात नेऊन सोडायचं. गाव हसलं. मुखरू भ्याला, असं लोक म्हणाले.

१९५२ च्या कार्तिकात गुणवंतरावांच्या घरी नाग निघाला. गुणवंतराव गावचे मालगुजार, म्हणजे जुने जमीनदार होते. मालगुजारी गेली होती, पण लोक त्यांना मालकच म्हणत. नाग धानाच्या खोलीत पोत्यांमागे बसला होता. सगळा वाडा अंगणात उभा.

"मुखरू, काठी कोठी हाय तुही?" गुणवंतरावांनी विचारलं.

"काठी नाई मालक. मडकं आनलं."

"मडक्यात काय त्याले भात वाढतं? मार त्याले!"

"मारायचा असन त दुसरा मानूस पाहा. पन खोलीत अंधार हाय, पोते हायेत. घाव चुकला त नाग मानसावर येते. मानूस कोनता पाठवता ते तुमी ठरवा."

मालकांनी गड्यांकडे पाहिलं. एकही गडी पुढे आला नाही. शेवटी ते म्हणाले, "बस मग. पाहू."

मुखरू दुपारपासून दारात बसला. हलला नाही, बिडी ओढली नाही. उन्हं कलली तेव्हा नाग पोत्यांमागून निघाला, भिंतीच्या कडेकडेने आला आणि मडक्यात गेला. मुखरूने फडकं लावलं. मडकं घेऊन तो अंगणातून गेला तेव्हा गर्दी आपोआप दोन्हीकडे सरली.

परत येऊन त्याने मालकांना खोलीतली उंदरांची बिळं दाखवली. अकरा होती. "हे राह्यले त दुसरा येईन," एवढंच तो म्हणाला. आठ दिवसांत गड्यांनी खोली रिकामी करून बुडापर्यंत लिंपली. मालकांनी केलं म्हटल्यावर गावातल्या निम्म्या घरांनी केलं.

पण १९५४ च्या श्रावणात गोविंदा गेला. बावीस वर्षांचा, मालकांकडे रोजीवर जाणारा तरणा माणूस. घरात आई गोकुळाबाई, बहीण कुंता आणि तो. खाट एकच, तीवर आई. दोघं भावंडं जमिनीवर निजायची. पहाटे गोविंदा उठला तेव्हा त्याचं पोट दुखत होतं. चावल्याची खूण दिसत नव्हती, म्हणून काहीतरी खाण्यात आलं असं सगळ्यांना वाटलं. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली. दवाखान्यात न्यायला बंडी जुंपेपर्यंत श्वास थांबला. नंतर गोधडी उचलली तेव्हा खाली मण्यार होती.

ते घर मुखरूने स्वतः लिंपून दिलं होतं. बिळं नव्हती, सरपण लांब होतं. पावसाने दाराजवळची कुडाची भिंत खचली होती आणि तिथून साप आत आला होता.

दुसऱ्या दिवशी दहा-पंधरा लोक मुखरूच्या अंगणात आले. गोविंदाचा काका पत्रू पुढे होता. "तू सोडलेला साप होता तो!" तो ओरडला. "मारला असता त माहा पुतन्या जिता राह्यला असता!"

मुखरूने कधी मण्यार पकडली नव्हती, सोडली नव्हती. त्याला ते सांगता आलं असतं. रुखमाबाई सांगायला उठलीसुद्धा, पण त्याने तिला हाताने थांबवलं. लोक बोलून बोलून निघून गेले.

"काऊन नाई बोलले?" तिने विचारलं.

"त्यायच्या घरचा पोरगा मेला हाय. माह्या बोलन्यानं उठन काय?"

चार दिवस तो तळ्यावर गेला नाही. भिंतीला टेकून बसून राहायचा. पाचव्या दिवशी रुखमाबाईला म्हणाला, "मी भिती पाह्यल्या, दारं पाह्यले. खाटा करा म्हनून सांगतलं, पन मानूस कोठी निजते, हे पाह्यलंच नाई."

त्याने गावात मोजणी केली. जमिनीवर निजणारी सत्तेचाळीस माणसं निघाली, त्यांत अर्ध्याहून जास्त बाया आणि लेकरं. मग दोघं खाटा करायला बसली. बांबू आणि लाकडाच्या बल्ल्या तो रानातून आणायचा, चौकट ठोकायचा. अंबाडीचे दोर रुखमाबाई वळायची. जाळी विणणारे हात होते, खाट विणायला जड गेलं नाही. पाय दीड हाताचे ठेवायचे आणि पांघरूण जमिनीला लागू द्यायचं नाही, हा त्याचा नियम.

पहिली खाट त्याने गोकुळाबाईच्या दारात नेऊन ठेवली. ती दारात उभी होती.  दोन दिवस खाट उन्हातच पडून होती. तिसऱ्या दिवशी मुखरू रस्त्याने जाताना तिने हाक मारली.

"मुखरूभाऊ."

तो थांबला.

"तुमी सांगतलं होतं आमाले. खाट करा म्हनून. गोविंदाच आज करतो, उद्या करतो म्हने." ती खाटेकडे वळली. "कुंताले धरू लागा, एकटीनं आत नेल्या जात नाई."

त्याने एका बाजूने खाट उचलली, कुंताने दुसऱ्या. खाट आत गेली. आठवड्याने पत्रूने रानातून बल्ल्यांची एक मोळी आणून मुखरूच्या अंगणात टाकली आणि बसून त्या सोलायला लागला. मी गावात गेलो तेव्हा एकेचाळीस खाटा झाल्या होत्या आणि रुखमाबाई बेचाळिसाव्या खाटेचा दोर वळत होती.

नंतर माझी बदली झाली. १९५९ साली कामानिमित्त परत त्या भागात गेलो तेव्हा मुद्दाम आंबेबोडीला गेलो. मधल्या चार पावसाळ्यांत गावात साप चावून कोणी दगावलं नव्हतं. एका बाईला शेतात चावला होता. मुखरूने तिला चालू दिलं नाही, मंत्र घालणाऱ्याकडे नेऊ दिलं नाही, मालकांची बंडी जुंपून थेट गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचवलं. ती बरी होऊन आली. सगळं गाव काही त्याचं ऐकत होतं असं नाही. वरच्या आळीत अजून काठीच चालायची, आणि एकाने तर मुखरू पोचायच्या आत धामण मारून झाडाला लटकवली होती. मुखरू त्यावर भांडला नाही. त्या घरातली बिळं बुजवून परत आला.

मी बसलो होतो तेव्हाच तीन कोसांवरच्या गावातून दोन माणसं आली. त्यांच्याकडे महिन्यात तीनदा नाग निघाला होता. पुन्हा निघाला की तुम्हाला न्यायला सायकल पाठवू, असं ते म्हणाले.

"साप निघाल्यावर मी येऊन काय करू?" मुखरू म्हणाला. "आताच चाला. फावडा आन् खापरं घेऊन ठेवा."

त्याने चप्पल पायात घातली आणि रुखमाबाईला सांगून त्यांच्याबरोबर निघाला. पाच दिवस तो तिकडे राहिला, असं मला पुढे कळलं.