उभी राहा म्हटलं की मी बसते

पोरींनो, ऑस्ट्रेलियात येऊन वर्ष झालं आणि आज मी चक्क बायकांच्या सर्फिंग क्लासला गेले! "मी करावे गावची, बाबांची मासेमारीची होडी आहे, पाण्याचं काय टेन्शन?" अशी फुशारकीही मारली.

लाट आली. शिकवणारी ओरडली, "उभी राहा!" आणि मी बोर्डवर घट्ट बसून राहिले. सहा वेळा! लहानपणी खाडीत होडीत उभी राहिले की आई पाठीत धपाटा घालायची, ते अंगात मुरलंय.

सातव्यांदा उभी राहिले. पूर्ण चार सेकंद! घरी येऊन आईला व्हिडिओ पाठवला. लगेच तिचा फोन: "उबी कशाला रायलीस गो? बस खाली!"

मी किचनमध्ये होते. तिथल्या तिथे लादीवर बसले.

तुमची आई तुम्हाला किती लांबून बसवू शकते?