रसूलभाईंचं कपाट

रसूलभाई आतार आमच्या हायस्कूलचे क्लार्क. मी धोंडुबाई, गेटावरची शिपाई. आमच्या रहिमतपुरात सोयरीक ठरायच्या आधी माणसं गुपचूप शाळंत येत्यात, पोरीची खरी जन्मतारीख न् मार्कं बघायला. कुणी चहा पाजतं, कुणी नातं काढतं. रसूलभाई कपाटाला कुलूप घालायचे, किल्ली बंडीच्या खिशात टाकायचे न् म्हणायचे, "पोरगी घरात आली की तिलाच इचारा." सख्ख्या मेव्हण्याला सुदीक रजिस्टर दावलं न्हाई, बायको आठवडाभर बोलत नव्हती. मी म्हणायची, लय ताठा बाई ह्या माणसाला!

गेल्या साली दिवाळीनंतर माया कडेगावचं सासर सोडून हितं माहेरी आली. संगं लेक, राजनंदिनी, सातवीतली. मायानं रसूलभाईंच्या हातात कोर्टाचा कागद दिला न् हात जोडले, "भाई, ह्यातलं कुणाला कळू देऊ नका. पोरं बोट दावत्यात." कागद कपाटात गेला. हेडमास्तर सोडून कुणाला पत्ता न्हाई. हे समदं मला मागनं कळलं.

एका गुरवारी मधल्या सुट्टीत एक माणूस गेटावर आला. रिटायर मिल्ट्रीवाला, कडक इस्त्री. "राजनंदिनीचा बाप हाय. आजी शिरेस हाय तिची, न्यायला आलोय." मी काय येडी न्हाई. नाव इचारलं. म्हणला, लालासाहेब. पोरीला बोलावलं, गळ्यातलं ओळखपत्र बघितलं: राजनंदिनी लालासाहेब. झालं की! पोरीच्या नावाला ज्याचं नाव लावलंय, त्याला आडवणारी मी कोण? पोरगी मुकी झालती. मला वाटलं, आजीचं ऐकून. मीच गेट उघडलं.

रसूलभाई डबा खात व्हते. मी सहज बोलले, "राजनंदिनीचा बाप आलता, घेऊन गेला तिला." त्यांचा घास हातातच राह्यला. तसंच खरकट्या हातानं पळाले, रिटायरीला आलेला माणूस! मी मागं. स्टँडावर एसटी सुटायच्या बेतात, दोघं आत बसलेली. रसूलभाई दारात आडवे झाले. लालासाहेब गुरकला, "माझी पोर हाय, तुमी कोण?" लोकं बी त्याच्याच बाजूनं, "आवं, बाप हाय, न्हेऊ द्या की!"

तवा रसूलभाई वरडले. जन्मात कुणाचं मार्क सांगितलं न्हाई त्या माणसानं भर स्टँडावर समदं सांगितलं. "ह्यानं पोरीचा हात मोडलाय! कोर्टानं बंदी घातलीया ह्याला, तिच्याजवळ जायाची!" कंडक्टरनं घंटी दिली न्हाई. पोरगी खाली उतरली, माझा जीव भांड्यात पडला. पण ती मान खाली घालून हुबी, न् आख्खा स्टँड तिच्या हाताकडं बघतोय.

दुसऱ्या दिवशी माया आली. रसूलभाई म्हणले, "तुमाला दिलेला शबुद मोडला मी."

ती म्हणली, "पोर घरी हाय, लय झालं. पण भाई, ह्या मावशीला आधी येवढंच सांगायचं, बाप आला तर सोडू नका, का ते इचारू नका. मंग स्टँडावर कायच वरडाय लागलं नसतं."

मला तर मेल्याहून मेल्यागत झालं.

शाळंत पोरं राजनंदिनीला म्हणायची, हात दाव. महिन्याभरात मायानं दाखला काढला.

मी रसूलभाईंना इचारलं, "कुठं घातली ओ पोरीला?"

त्यांनी कपाटाला कुलूप घातलं, किल्ली बंडीत टाकली. "ते न्हाई सांगायचं."

मी मुकाट्यानं निघाले, तवा मागनं बोलले, "तिथल्या गेटावर बी एक बाई हाय, धोंडुबाई. तिला मी फोन केलाय."