काजूकतलीचं बाळ

मुलगी पहिलीत असताना नाताळच्या सुट्टीआधी शाळेतून चिठ्ठी आली. येशूजन्माचा गोठा करून आणायचा, सगळाच्या सगळा खाता येईल असा, आणि मुलांनी स्वतःच्या हातांनी केलेला. स्पर्धा झाली की ज्याने त्याने आपला गोठा मोडून वाटून खायचा. चिठ्ठी मी नीट वाचली होती. पण ‘स्पर्धा’ हा शब्द दिसला की लालबागेत वाढलेल्या माणसाला बाकीचं दिसेनासं होतं.

गल्लीतल्या गणपतीच्या सजावटीत माझी निम्मी उमर गेली. त्यातली पहिली काही वर्षं मी नुसता डिंकाचा डबा धरून उभा होतो, कारण पोरं काम बिघडवतात असं मोठ्यांचं ठाम मत. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग यायचा. तर रविवारी सकाळी परळच्या आमच्या घरात मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, मुलीच्या हातात आयसिंगची वाटी दिली आणि म्हणालो, "धरून ठेव. सांडू नकोस."

टोस्टच्या भिंती उभ्या राहिल्या, वर खारीचं छप्पर, गवताच्या जागी सुतरफेणी. मेंढरं काटेरी हलव्याची; संक्रांत लांब असताना त्यासाठी मी अख्खं दादर पालथं घातलं होतं. बायको म्हणाली, "अरे, स्पर्धा पहिलीतल्या मुलांची आहे. तुझी नाही." मी तिला मार्गदर्शनाचं महत्त्व समजावून सांगितलं.

आई सोफ्यावरून लक्ष ठेवून होती. तिची येशूबद्दल काही तक्रार नव्हती, व्यवस्थेबद्दल होती. "ओली बाळंतीण थंडीची गोठ्यात पडलीय, आणि हे बाळाला भेटायला आलेले तीन राजे आणतायत काय, तर सोनं, ऊद नि कसलासा गंधरस! एक तरी वस्तू तिच्या पोटात जाणारी आहे का?" मग ती उठली आणि तिन्ही राजांच्या हातांत तिने बोराएवढे डिंकाचे लाडू ठेवले. त्या गोठ्यात डोकं वापरून केलेली तेवढी एकच गोष्ट होती.

मुलीला फक्त बाळ करायचं होतं. सकाळपासून तिने तेवढंच मागितलं होतं. काजूकतलीचा गोळा घेऊन तिने ते केलंही, पोटावर झोपलेलं, ढुंगण वर.

"याचं तोंड कुठाय?" मी विचारलं.

"उशीत," ती म्हणाली.

मी म्हटलं, छान आहे हं. ती हात धुवायला गेली तेव्हा मी ते मोडलं आणि दुसरं केलं. नाकीडोळी नीटस, दोन्ही हात पसरलेलं, केशराच्या काड्यांच्या भुवया. परत येऊन तिने ते पाहिलं. मग आयसिंगची वाटी पुन्हा हातात धरली. मला वाटलं, आवडलं.

शाळेत जाताना मी तिला पढवलं, कुणी विचारलं तर मीच केलं म्हणून सांगायचं. हॉलमध्ये गोठे ओळीने मांडले होते आणि प्रत्येकामागे एकेक थकलेला पालक. एका गोठ्यात कारंजं उडत होतं. एका मुलाच्या भिंती मात्र वाकड्या होत्या आणि गाय निम्मी खाल्लेली होती. त्याच्या आईबापांची मला कीव आली.

"सगळं तू केलंस?" बाईंनी आमच्यापाशी येऊन विचारलं.

मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "हो."

पहिला नंबर आला. सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या.

मग मोडायची वेळ झाली. मुलं तुटून पडली. आमच्या मुलीने भिंती वाटल्या, मेंढरं वाटली, राजे लाडवांसकट देऊन टाकले. स्वतः काही खाल्लं नाही. बाळ तेवढं उरलं. मी ते उचलून तिच्या तोंडाशी नेलं. तिने मान फिरवली.

"ते तुझं आहे, बाबा. तू खा."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी समजूत काढली असती. मला लाज वाटली, भर हॉलमध्ये, बाई समोर असताना. बाळ दोन घासांचं होतं. ते संपेपर्यंत ती माझ्याकडे बघत उभी राहिली.