धावपट्टीवरचा पत्ता

"मॅडम, ही मुलगी रनवेवर राहते का हो?"

फोनवर श्रेया होती. पुण्यातल्या एका आयटी कंपनीची एचआर. तिची कंपनी ऐरोलीच्या ऑफिससाठी पोरं भरती करते, आणि त्या पोरांनी फॉर्मात लिहिलंय ते खरं की खोटं, हे बघून द्यायचं काम आमच्याकडे. मी वाशीतल्या एका छोट्या व्हेरिफिकेशन एजन्सीत आहे. आधी स्कूटीवरून दारोदार फिरायचे, आता गुडघे बोंबलतात म्हणून टेबलावर बसते.

मी मॅप उघडला. निकिता नावाच्या त्या मुलीचा पर्मनंट ॲड्रेस टाकला, तर लाल पिन जाऊन बसली नव्या विमानतळाच्या धावपट्टीवर, अगदी मधोमध.

"फेक ॲड्रेस दिलाय सरळ सरळ," श्रेया म्हणाली. "रेड करून टाका ना. मला सोमवारच्या जॉइनिंगची लिस्ट क्लोज करायचीय."

"थांब गं जरा. घाई काय आहे?"

"घाई तर आहेच, मॅडम."

आता हे रेड काय, ते सांगते. ऑफर लेटर हातात पडलं की नोकरी लागली असं नव्या पोरांना वाटतं. पेढेसुद्धा वाटून होतात. पण ऑफर आणि नोकरी यांच्या मध्ये आम्ही बसलेले असतो. मार्कशीट खरी का, आधीची नोकरी खरी का, माणूस सांगतो तिथं राहतो का, हे सगळं बघून आम्ही रंग देतो. ग्रीन म्हणजे ठीक. रेड म्हणजे खोटं. अंबर म्हणजे खात्री पटली नाही. रेड लागला की ऑफर रद्द, आणि त्या कंपनीचं दार पुन्हा उघडत नाही.

पत्त्याची तपासणी तशी साधी. आमचा माणूस जातो, बेल वाजवतो, दाराचा फोटो काढतो, शेजाऱ्याला विचारतो. मला हे काम फार आवडायचं. कुणाच्या दारावर तोरण, कुणाच्या दारात चपलांचा ढीग, कुठून तरी फोडणीचा वास. दार उघडेपर्यंतच्या त्या दोन मिनिटांत मी आतल्या माणसांची अख्खी गोष्ट मनात रचून मोकळी व्हायचे. आमचे हे म्हणतात, हिला लोकांच्या दारात उभं राहून स्वप्नं बघायचा पगार मिळतो. खरंच आहे ते.

निकिताच्या केसमध्ये आमच्या माणसाचा शेरा होता, "पत्ता सापडला नाही. पुढे कुंपण आहे."

मी निकिताला फोन लावला. उलव्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये आई आणि ती, दोघीच. बीकॉम झालेली, घरातली पहिलीच ऑफिसची नोकरी. आणि कर्म माझं, या ऑफरच्या भरवशावर तिनं उरणकडच्या गोदामातली डेटा एन्ट्रीची नोकरी सोडूनसुद्धा दिली होती!

"अगं, उलव्याचाच पत्ता पर्मनंट म्हणून टाकायचा होतास की! कशाला नसता घोळ घातलास?" मी चिडूनच बोलले.

"मॅडम, ते ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं हाय. आतापर्यंत दोनदा घर बदललं आमी. ते पर्मनंट कसं लिवू? आधारवर पन गावचाच पत्ता हाय. गाव विमानतळात गेलं, बदल्यात प्लॉट मिळालाय, पन घर अजून बांधायचंय."

मुलगी एक अक्षर खोटं बोलली नव्हती. पर्मनंट या शब्दाचा अर्थ तिनं जरा जास्तच मनावर घेतला होता, एवढाच तिचा गुन्हा.

आता पत्ता बदलायचीही सोय नव्हती. फॉर्म सबमिट झाल्यावर पत्ता बदलला की सिस्टीम तो मिसमॅच धरते, आणि मिसमॅच झाला की पुन्हा रेडच. श्रेयाच्या कंपनीच्या पॉलिसीत एक फट मात्र होती. घरापर्यंत जाता येत नसेल तर दोन शेजाऱ्यांनी, वेगवेगळं विचारल्यावर, माणूस ओळखून दाखवायचा. पूरग्रस्त भागासाठी कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेली ओळ होती ती.

गुडघ्यांना समजावून मी स्वतःच निघाले.

उलव्याच्या त्या सोसायटीत निकिताची आई, सुगंधाबाई, मला थेट गच्चीवरच घेऊन गेली. संध्याकाळ उतरत होती. खाडीकडून धुरकट, गुलाबीसर उजेड येत होता. समोर लांबच लांब कुंपण आणि त्यापलीकडे सपाट, राखाडी जमीन. दिवे एकेक करून लागत होते.

"ते दिवे दिसतान ना, त्याच्या पल्याड आमचं घर," ती म्हणाली. "ओटीवर बसलं की वारा असा यायचा की डोला लागायचा."

माझ्या फॉर्मात एक रकाना असतो, लँडमार्क. जवळची खूण. सवयीनं मी विचारलं, "जवळची खूण काय लिहू, ताई?"

"डोंगर."

"कुठला डोंगर?"

"तो कापला."

"बरं, मग दुसरं काही?"

"नदी व्हती मागं. ती वळवली."

तेवढ्यात एक विमान पळत आलं आणि अलगद वर उचललं गेलं. सुगंधाबाईनं मान वर करून ते पार दिसेनासं होईपर्यंत पाहिलं. मग अगदी सहज म्हणाली, "आमच्या चुलीवरनं गेलं."

राग नव्हता तिच्या आवाजात. मला मात्र गलबलून आलं. मी फॉर्मातला लँडमार्कचा रकाना तसाच सोडला आणि कामाचं बोलले. शेजारी कुठं भेटतील?

"ते काय एका जागी हायत? कोन करंजाड्यात, कोन हितं, कोन पनवेलला," ती म्हणाली. मग एकदम हसली. "शुक्रवारी या ना. आईची पालखी हाय. सगले येतान. म्हनून तर निकितानं सोमवारची जॉइनिंग मागून घेतली."

आई म्हणजे गावदेवी. गाव उठलं तेव्हा देवीही उठली आणि तिचं नवं देऊळ नव्या जागेत झालं. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. रिपोर्टात लिहिलंय, तेवढं पुरे.

शुक्रवारी देवळासमोरच्या मोकळ्या मैदानात पोचले, तर नेहमीची जत्रेची गर्दी. रिक्षातून, बाइकवरून माणसं उतरत होती. टॉवरमध्ये राहणाऱ्या सुना, इस्त्रीच्या शर्टातले जावई, आजोबांच्या हातात मोबाइल. या गर्दीत शेजारी शोधायचा कसा, या विचारात मी उभी होते. तेवढ्यात पुजाऱ्यानं घंटा वाजवली आणि माणसं हलायला लागली.

आधी मला वाटलं, दर्शनाची रांग लागतेय. पण ती रांग नव्हतीच. काही कुटुंबं एका बाजूला, काही समोर, मध्ये पालखीपुरती वाट. प्रत्येक कुटुंब आपापलं आरतीचं ताट घेऊन ठरावीक जागी उभं राहत होतं. कुणी सांगत नव्हतं, कुणी विचारत नव्हतं. मध्येच एक जागा रिकामी होती. मी तिथं सरकले, तर एका बाईनं माझा दंड धरला.

"तितं नको, बाय. ते पोस्टमनचं घर. त्याचा पोरगा दुबईला असतो, औंदा आला नाय."

मी मागं सरकले आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही माणसं गावात जशी घरं होती तशी उभी होती. पूर्वी पालखी दारोदार जायची, ज्या क्रमानं जायची तो क्रम त्यांनी सोडला नव्हता. दारं गेली, म्हणून दाराच्या जागी माणसंच येऊन उभी राहिली.

पालखी निघाली. एका ताटासमोर थांबायची, ओवाळणी व्हायची, पुढं जायची. मैदानाच्या मधोमध, काहीच नसलेल्या जागी, भोई एकदम वळसा घालून गेले. मी सुगंधाबाईकडे पाहिलं.

"मधी विहीर हाय ना," ती म्हणाली.

मला ती विहीर दिसली. खोटं नाही सांगत. कौलं दिसली, ओट्या दिसल्या, वाळत घातलेली सुकी मासळी दिसली. इतकी वर्षं बंद दारांपलीकडची गोष्ट मी रचत आले. इथं दारच नव्हतं आणि आतलं सगळं उघडं होतं. किती वेळ मी तशी उभी होते कोण जाणे. शेवटी फोन वाजला. श्रेयाच. "मॅडम, झालं का? सहाला लिस्ट क्लोज करते."

मी भानावर आले. निकिता आपल्या जागी ताट घेऊन उभी होती, हिरव्या साडीत, चेहरा पार उतरलेला. देवीकडे तिचं लक्षच नव्हतं, ती माझ्याकडे बघत होती.

आमच्या धंद्यात पढवलेला शेजारी ओळखणं महत्त्वाचं. कॅन्डिडेटनं सांगून ठेवलेला माणूस नुसती स्तुती करतो. "फार चांगली माणसं, कुण्णाच्या अध्यात ना मध्यात." असं कानावर पडलं की माझे कान टवकारतात. खऱ्या शेजाऱ्याची काही ना काही तक्रार असतेच.

निकिताच्या डावीकडे बेबीबाय नावाच्या एक ठसक्याच्या आजी होत्या. मी त्यांना बाजूला घेतलं.

"आजी, ही माणसं कशी आहेत?"

"मानसं बरी हायत," आजी म्हणाल्या आणि थांबल्या. मग आवाज चढला. "पन तो शेवगा! मेल्यांनी बरोबर माज्या कुडाला लागून लावला. सगला पाला माज्या अंगनात. रोज उठून मी झाडायची! आनि शेंगा कोन खायचं? हे!"

"झाड तुमच्या बाजूला झुकलं होतं का?"

"झुकलेलं? अर्धं माज्याच जागेत व्हतं!"

उजवीकडचे दत्तूकाका लांब उभे होते. त्यांना मी वेगळं गाठलं आणि शेवग्याचं नावसुद्धा न काढता विचारलं, यांच्या घराची काही खूण सांगता येईल का?

"शेवगा व्हता ना," काका लगेच म्हणाले. "शेंगा अश्या लांब. त्यावरनं बेबीबायचं न् सुगंधाचं रोजचं वाजायचं. पन झाड सुगंधाच्याच जागेत. मी सोता बघितलंय."

हे नेमकं आजींच्या कानावर गेलं. "तू काय बघितलंस रे? तुला तर डोल्यांनी दिसत नव्हतं तवा!"

"मावशे, मोतीबिंदू आत्ता झालाय!"

सुगंधाबाईनंही पदर खोचला. "पालखी दारात हाय, आनि तुमी शेवगा काढता?"

पालखी निकितासमोर येऊन ठेपली होती आणि तिघं जणं धावपट्टीखाली गेलेल्या झाडावरून तावातावानं भांडत होती. भोई हसत थांबले होते. निकितालाही हसू फुटलं, आठवड्यातलं पहिलंच असावं. मी त्या क्षणी फोटो काढला. मध्ये ताट घेतलेली मुलगी, एका बाजूला हात उगारलेल्या आजी, दुसरीकडे काका. दाराचा फोटो म्हणून मी आजवर काढलेला सगळ्यात चांगला फोटो तोच.

तिथंच देवळाच्या पायरीवर बसून रिपोर्ट भरला. घराचा प्रकार, तर बंगला, फ्लॅट, चाळ, इतर. मी "इतर" निवडलं. खाली शेरा लिहिला, "घर विमानतळाच्या जागेत गेले आहे. कुटुंब उलवे येथे भाड्याने राहते. डावीकडच्या व उजवीकडच्या शेजाऱ्यांनी उमेदवारास ओळखले. उमेदवाराच्या घरच्या शेवग्याचा पाला अंगणात पडतो, अशी डावीकडच्या शेजाऱ्यांची तक्रार आहे. उजवीकडच्या शेजाऱ्यांनी झाडाचे अस्तित्व स्वतंत्रपणे सांगितले. पत्ता खरा." आणि रंग दिला ग्रीन.

सहाच्या आत श्रेयाचा फोन आला. निकिता समोर उभी, हातात प्रसाद, तोंडात मात्र घास जात नव्हता.

"मॅडम, मी अकरा वर्षं एचआरमध्ये आहे. असा रिपोर्ट बघितला नाही."

"मग? काय करतेस?"

पलीकडे कीबोर्डचा आवाज.

"अप्रूव्ह केलंय. सोमवारी साडेनऊला ऐरोली. ओरिजिनल्स आणायला सांगा."

मी निकिताकडे बघून मान हलवली. निकितानं प्रसादाचा हात तसाच धरून मला मिठी मारली. माझ्या खांद्यावर खोबरं आणि गूळ. सुगंधाबाई डोळे पुसत होती आणि बेबीबाय तिच्याच पदरानं स्वतःचे डोळे पुसत होत्या.

निकिता आता ऐरोलीत रुळलीय. नव्या पोरांना माझं एवढंच सांगणं, बीजीव्ही, म्हणजे ही आमची तपासणी, क्लिअर झाल्याशिवाय हातातली नोकरी सोडू नका. आणि पत्त्याची काही भानगड असेल तर ती आधीच, स्वतःहून, शेऱ्याच्या रकान्यात लिहा. तो रकाना शोभेला नसतो. कंपन्यांनाही सांगते, "सापडला नाही" आणि "खोटा आहे" यांत फार अंतर आहे. ते तोडायला माणूस पाठवावा लागतो, मॅप पुरत नाही.

श्रेयानं त्या दिवशी फोन ठेवायच्या आधी एक प्रश्न मात्र विचारला होता.

"मॅडम, ऑफ द रेकॉर्ड. तो शेवगा नक्की कोणाच्या जागेत होता?"

मी मैदानाकडे पाहिलं. पालखी पुढच्या घराला गेली होती. बेबीबाय आणि दत्तूकाका नसलेल्या कुडाच्या दोन बाजूंना उभे राहून हातवारे करत होते.

"ते अंबरच ठेव," मी म्हटलं.