थर्लोचा हिरवा धागा

देओलिंडा मेंदोन्सा थर्लोच्या दोरखान्यात माझ्या शेजारच्या यंत्रावर होती. थर्लोच्या दोराची खूण म्हणजे तीन पेडांपैकी एकाच्या पोटातला हिरवा धागा, मालकाच्या आजोबांपासून चालत आलेला. आमच्या मॅसॅच्युसेट्सच्या बंदरातले कोळी दोराचं टोक उकलायचे, आत हिरवं दिसलं की डोळे झाकून त्यावर जीव टांगायचे. बाकीच्या दोराकडे कोण बघतो!

बेचाळीस साली लढाईमुळे मनिलाहून येणारा वाख बंद झाला. थर्लोसाहेबांनी त्याच्या जागी घायपात आणि जुन्या दोरांचा पिंजलेला कचरा घालायला लावला. हिरवा धागा मात्र तसाच.

"साहेब, यावर माणसं चढतात," देओलिंडा म्हणाली.

"खूण कंपनीची आहे, तुझी नाही. नोकरी हवी ना?"

तिने मुकाट्याने धागा ओवला. घरी नवऱ्याला, लॉरियानोला, काही सांगितलं नाही; तोही कोळीच.

एक दिवस आम्ही दुपारी जेवत होतो. गोदामातली एक बाई सहज म्हणाली, "तुझा लॉरियानो सकाळी नवा दोर घेऊन गेला गं. डोलकाठीची कप्पी बदलायचीय म्हणे."

देओलिंडाने हातातला पाव टाकला आणि धक्क्याकडे पळत सुटली. मीही मागोमाग.

लॉरियानो होडीच्या डोलकाठीवर पार वर होता, दोराला बांधलेल्या फळीवर बसलेला. खाली त्याचा भाऊ झेफेरिनो दोर धरून उभा होता.

"लॉरियानो, खाली ये!"

"जेवण आणलंस का? थांब, एवढं आवळतो."

"आत्ता ये म्हणते ना!"

"किती ओरडतेस! हिरवा धागा बघून बसलोय. तूच ओवला असशील की!"

त्याच्या पाठीमागे कप्पीपाशी दोराचा एक पेड फुगून पिंजत चालला होता. मला खालून दिसत होता, त्याला दिसत नव्हता.

"मीच ओवलाय!" देओलिंडा किंचाळली. "म्हणूनच सांगते! आत कचरा भरलाय!"

लॉरियानोने डोलकाठीला दोन्ही पायांनी विळखा घातला.

"झेफेरिनो, हळू सोड. झटका देऊ नकोस."

तो इंचाइंचाने उतरत होता. निम्म्यावर आला आणि वर पेड तुटल्याचा आवाज झाला. देओलिंडाने तोंडात पदर कोंबावा तसा कामाचा एप्रन कोंबला. उरलेल्या दोन पेडांवर तो खाली आला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "मला तरी सांगायचंस."

ती रडली नाही. फळी आणि तो दोर उचलून थेट कारखान्याच्या अंगणात गेली, थर्लोसाहेबांसमोर फळी ठेवली.

"बसा, साहेब. झेंड्याच्या खांबावर ओढतो तुम्हाला. हिरवा धागा आहे, बघून घ्या."

बाया यंत्रं सोडून बाहेर आल्या. साहेब हसले. आम्ही कुणीच हसलो नाही, तेव्हा त्यांचंही हसू मावळलं. त्यांनी फळीकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, पण बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी हिरवं रीळ यंत्रावरून निघालं. देओलिंडालाही काढलं.

लढाई संपली, मनिलाचा माल आला, खूण परत आली. साहेबांनी देओलिंडालाही परत बोलावलं. ती इतका चोख दोर वळायची की दूरदूरचे कोळी तिचाच माल मागायचे. लॉरियानो मात्र जन्मभर दुसऱ्या कारखान्याचा दोर विकत घेत राहिला, आणि देओलिंडाने त्याला कधी का म्हणून विचारलं नाही.